कल्ले

युनूस होडेकर, वय त्रेचाळीस,
सूरच्या मासळीबाजारात एका बर्फ-कंपनीसाठी बोली लावणारा.
डाव्या जबड्याखाली गाठ. लिंबाएवढी, मऊ.
दुखत नाही.
सर्दी झाली की फुगायची, मग आपसूक उतरायची.
या वर्षी उतरली नाही.

विशीतला असता
तर डॉक्टर रय्या अल-अरैमी इतकी थबकली नसती.
विशीत अशी गाठ म्हणजे बहुधा
जन्माआधीचं राहून गेलेलं काम.
चाळिशीनंतर तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो.
टॉन्सिलच्या खाचेत, जिभेच्या मुळाशी
ज्वारीच्या दाण्याएवढं काही दडून बसतं
आणि मानेत पाण्याची पिशवी पाठवून देतं,
गरीब चेहऱ्याची.

पहिल्या सुईतून आलं ते पिवळट, ताकाच्या निवळीसारखं,
दिव्यासमोर धरलं तर चमचमणारं.
भिंगाखाली कोलेस्टेरॉलचे स्फटिक,
एकेक कोपरा तुटलेल्या काचा.
पेशी थोड्याच. त्यातल्या तीन
मला आवडल्या नाहीत.
केंद्रक जरा मोठं, कड जरा वाकडी.
सूज असली तरी पेशी अशा दिसतात.
कॅन्सर असला तरी.
अहवालात मी लिहिलं : सांगता येत नाही.
हे तीन शब्द लिहायला
दुपारचे चार वाजले.

दुसऱ्या दिवशी तो लॅबच्या खिडकीशी,
पाटीवरच्या औसेकर मधलं 'कर' वाचून.
"बाय, तुमी आमच्याकडल्या काय?"
मी लातूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला
तो विमानातून.
"मंग मासा कसा पारखता?"
नाही पारखत, म्हटलं.
गाठीचं त्याने विचारलंच नाही. हात मात्र कॉलरवर.
डोळ्यांवर जाऊ नये म्हणाला, डोळे बर्फातपण चमकतात.
कल्ला उचलायचा. लाल तर घ्यायचा.
तपकिरी तर पुढं चालायचं,
विकणारा मेव्हणा असला तरी.

दुसरी सुई सोनोग्राफीखाली,
पाण्यात नाही, भिंतीत. त्यातही काही नाही.
स्कॅन झाला. नाकातून दुर्बीण.
टॉन्सिल स्वच्छ, जिभेचं मूळ स्वच्छ.
स्वच्छ म्हणजे दिसलं नाही एवढंच,
रय्या म्हणाली, आणि तारीख दिली.

मानेच्या सुरकुतीत आडवा छेद.
शीर बाजूला, नस बाजूला,
मोठ्या धमनीच्या दोन फाट्यांमधून
टॉन्सिलकडे धागा जातोय का पाहायचं.
पिशवी फुटू द्यायची नाही. फुटली
तर भिंतीचा तुकडा मागे राहतो,
आणि राहिलेला तुकडा पुन्हा पाणी धरतो.
तिने ती मला अख्खी पाठवली.

एरवी चार तुकडे पुरतात.
मी सगळी भिंत लावली. एकोणीस ठोकळे.
पातळ अस्तर, त्याखाली लिंफ पेशींची दाटी,
मधेमधे फिकट गोल.
त्या तिघी कुठेच नव्हत्या वाढलेल्या.
सातव्या ठोकळ्यातही नाही.
एकोणिसाव्यातही.

त्याला समजावलं :
आईच्या पोटात, पाचव्या आठवड्यात,
आपल्या सगळ्यांच्या मानेवर कमानी उमटतात, मधे खाचा.
माशात तिथे कल्ले होतात.
आपल्यात खाचा बुजून जातात.
तुमची एक बुजायची राहिली.

तो टाक्यांच्या बाजूने हसला नाही,
दुसऱ्या बाजूने हसला.
"म्हंजे माजा कल्ला उचलून बगितलात."

कल्ला नव्हे हो, कल्ल्याच्या जागी जे—

"लाल होता का?"

स्लाइडवर रंग आम्हीच चढवतो, जांभळा आणि गुलाबी.
बरणीतून काढली तेव्हा ती फॉर्मॅलिनने राखाडी झालेली,
भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी.

लाल, मी म्हटलं.
अहवालात तसं नाही.