चौकोन ४४१७

नकाशावर जाळी पसरली की
प्रत्येक चौकोनात आकडा टाकायचा:
एका चौरस किलोमीटरात माणसं किती.
पंधराशेच्या वर गेली,
शेजारचे चौकोनही तसेच भरलेले निघाले,
आणि सगळ्यांची बेरीज पन्नास हजार झाली, तर शहर.
परुळेकर साहेब म्हणतात, सोपं आहे,
लिस्बन असो, लागोस असो, की आपलं लालबाग,
मोजपट्टी एकच.
जगाच्या तक्त्यात आपली ओळ वाकडी दिसायला नको.

माझ्या वाट्याला ४४१७ आला.
आरेची मागची बाजू.
ईशान्य कोपऱ्यात तीन टॉवर, बाकी हिरवं,
आणि हिरव्यात नखाएवढा करडा ठिपका.
उपग्रहाला तो गोठा वाटला होता.
खात्री करायला मला धाडलं,
टॅबलेट, ओळखपत्र, दुपारचा डबा.

ठिपका म्हणजे उंबरीचा पाडा. सव्वीस घरं.
सुकरी हाडळ ओट्यावर कंटोली निवडत होती.
पाणी? बोअरिंगचं, आलं तर.
वीज? मीटर आहे.
मुलगा? वनशा. टॉवरच्या गेटवर, रातपाळी.
मी टिक केलं: बिगरशेती.
मग तिनेच सांगितलं,
मागचं भात माझं, शिराळी माझी, वांगी माझी,
शनिवारी पाटी घेऊन शहरात जाते.
शहरात म्हणजे?
तिने हनुवटीने दाखवलं, रस्त्यापलीकडे.
तिथल्या मेडिकलची पाटी मला ओट्यावरून वाचता येत होती.

तिचं भात कुठे लिहू?
आमची देशी व्याख्या काढून पाहिली,
पाच हजार वस्ती, चारशेची घनता,
आणि कामकरी पुरुषांपैकी
शंभरात पंचाहत्तर शेतीबाहेर.
पुरुषांपैकी.
बारा वर्षं मी हे पाठ म्हणत आले,
खात्याच्या परीक्षेत त्याला दोन मार्क होते.
त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं.
वनशा खुर्चीवर बसतो, पाडा शहराकडे झुकतो.
सुकरी चिखलात वाकते,
काटा जागचा हलत नाही.

निघताना सवयीने विचारलं,
मुंबईत कुणीही कुणालाही विचारतं तसं,
गाव कुठलं तुमचं?
परुळेकरांचं वेंगुर्ल्याजवळ,
माझं चिपळूणच्या वर घाटात,
शिपाई बनसोडेचं औशाकडे,
मे महिन्यात ऑफिसात पंखेच तेवढे हजर असतात.
सुकरीला आधी प्रश्नच कळला नाही.
मग म्हणाली, "हाच की,"
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू चुलीपुढे उभी राहून मी विचारत होते,
तुमची चूल कुठे?
माझ्या रिकाम्या डब्यात तिने ओंजळभर कंटोली ओतली.

संध्याकाळी आकडे भरले.
टॉवर, चार हजार एकशे बारा.
पाडा, एकशे सदतीस.
चौकोन क्षणात लाल झाला. दाट वस्ती.
टॉवरच्या जाहिरातीत नावापुढे 'व्हिलेज' लावलंय,
आणि विसाव्या मजल्याच्या वर
सुकरीचं भात दिसतं,
त्याचे वेगळे पैसे पडतात.

म्हटलं, सर, यातला एक ठिपका वेगळा आहे.
ते म्हणाले, ठिपक्यांवरून तुलना होत नसते.
खरं आहे. त्यांच्या खुर्चीत मीही हेच म्हटलं असतं.
जुन्या पद्धतीनेही उत्तर तेच येतं:
उपनगर जिल्हा. ग्रामीण लोकसंख्या, शून्य.
नवं जुन्याशी तंतोतंत जुळलं,
साहेबांनी चहा मागवला.

घरी कंटोली चिरायला घेतली
तर शेजारच्या डिमेलोबाई दारात,
वाटी मागायला आलेल्या.
इतकी कोवळी! गावाहून आली का?

मी हो म्हटलं.