अठरा मिलिमीटर

मोहाडीच्या पॅकहाउसात माझं काम मणी मोजायचं.
अठराच्या रिंगमधून जो खाली पडला
तो युरोपला जात नाही.
बारा सीझन झाले,
आता रिंग न लावताही बोटांना कळतं.

म्हणूनच असेल,
जानेवारीत, अंघोळीला, साबणाच्या हाताला
डावीकडचं ते लगेच लागलं.
दुखत नव्हतं. हलत नव्हतं.
साखर न भरलेल्या मण्यासारखं टणक.
मी सवयीनं मापलं,
टॉवेल गुंडाळला,
आणि शेवटचा कंटेनर जाईपर्यंत
कुणाला बोललो नाही.

मार्चअखेर, गंगापूर रोड.
अंधाऱ्या खोलीत गार जेल.
पोरगेलासा डॉक्टर पडद्यावर दोन फुल्या मारून
मधे रेघ ओढतो.
किती?
अठरा.
मला हसू फुटलं. तो दचकला.
एक्स्पोर्टचा माल आहे, म्हणालो,
आणि मग हसू थांबेचना.

लॅबवाली ताई चिठ्ठी दोनदा वाचते:
बीटा एचसीजी? ही तर दिवस गेल्याची टेस्ट.
अर्चना पर्समध्ये सुटे पैसे शोधत राहिली,
खूप वेळ.

शिरोडे डॉक्टरांनी पॅडवर चित्र काढलं.
जांघेतून काढायचं, खालून नाही.
त्याआधी कॅनडा कॉर्नरला जाऊन
एका डबीत पुढची सोय ठेवून यायची.
बरा होणारा आहे हा, ते म्हणाले.
इतक्या वेळा म्हणाले
की मी घाबरलो.

आईला सांगितलं, हर्निया.
टाके तिथलेच, खोटं बसलं.
केमोच्या तीन सायकली मात्र त्यात बसेनात.
"हर्नियानं केस जातात का रे?"
एवढंच विचारलं तिनं,
आणि पेज ढवळत राहिली.

दुसऱ्या सायकलीला, शेजारच्या खुर्चीत
ओझरचा एक पोरगा, डिप्लोमाचा,
मोबाईलवरून मान न काढता:
दादा, तुमचं कुठलं?
जिभेवर हर्निया आलाच होता.
म्हणालो, गोटी. डावी.
त्यानं मोबाईल उलटा ठेवला.
माझी उजवी.

यंदा मणी बारीक आहेत.
नव्या पोरांना धरायला शिकवतो:
अंगठा आणि दोन बोटं,
दाबायचं नाही, फिरवायचं.
आणि हेच घरी, महिन्यातून एकदा, अंघोळीला.
पोरं एकमेकांना कोपर मारतात, खिदळतात.
खिदळू दे.
बोटं तर शिकतायत.