आधी वारा

फेब्रुवारी. ग्रिम्सबी. सकाळचे आठ,
आणि बंदराकडून माशांच्या बर्फाचा वास घेऊन आलेली थंडी
दारातून माझ्या आधी आत शिरते.

"बेअरिंग गेलंय," स्टॉदर्ड म्हणतात. या-बसा काही नाही.
"ऑक्टोबरपासून कण्हत होतं. परवा रात्री गप्प झालं."
वय एक्क्याऐंशी. दोन स्वेटर, वर कोट.
डावा कान ट्रॉलरच्या इंजिनरूमला देऊन टाकलेला,
उजवा अजून नोकरीवर.

चालू करून बघते.
टक्. एक रिले.
मग नुसती वाट बघणं,
मग लाल दिवा.

लोक म्हणतात, हट्टी यंत्र.
हट्ट नाही हा, क्रम आहे:
आधी वारा, मग ठिणगी, मग गॅस.
पंख्यानं आतलं साचलेलं बाहेर लोटलं,
दोन बारक्या रबरी नळ्यांनी वाऱ्याची ग्वाही दिली,
तरच जाळ.
घरातलं माणूस काकडून निळं पडलं तरी
त्याशिवाय नाही.
कारण काकडणं माणसाला कळतं.
दुसरं काही असतं, ज्याला वासही नसतो,
ते कळत नाही.

झाकण काढायला घेते
तर चार स्क्रूंपैकी एकाचं डोकं ताजं खरवडलेलं.
आत, पात्यांमागे, आसाशी
तेलाचा एक थेंब. बोटावर घेऊन हुंगते.
शिलाई मशीनचं.

टॉर्च त्यांनी धरलाय.
उजेड जरासा हलतो
आणि पुन्हा जागेवर येतो.

हे झाकण उघडायचा परवाना माझ्या गळ्यात आहे,
फोटोसकट, केझाया ब्लॅन्शार्ड, एप्रिलपर्यंत वैध.
त्यांच्याकडे कागद नाही.
बेचाळीस वर्षं आहेत, आइसलँडच्या बाजूच्या पाण्यातली,
जिथे पंप बंद पडला तर कुणाला फोन करायचा
हा प्रश्नच नव्हता.

विचारलं नाही.
विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं.
झाकणाचं सील मात्र बोट फिरवून तपासलं, दोनदा:
माझ्या हाताखालच्या पोरापेक्षा नीट बसवलेलं.

मीटर लावते. दोनशे चौतीस व्होल्ट
पंख्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन उभे,
आणि पंखा ढिम्म.
मग खटका खाली, फ्यूज माझ्या खिशात.
तीन स्क्रू, दोन वायरी,
नळ्या काढताना कुठली कुठे ते पुटपुटत
(चुकतात. माझ्याही चुकल्यात)
आणि जुना पंखा हातात येतो,
काजळी धरलेला, अपेक्षेपेक्षा जड.

नवा बसतो. फिरतो.
सुरुवातीची ती लांब फुंकर,
मग टिकटिक, मग भप्.
चिमणीच्या तोंडाशी नळी लावून धुराचे आकडे घेते,
ठीक. छापते. सही.

निघताना फळीवर एक अलार्म ठेवते, माझ्या गाडीतला.
"हा बोंबलला तर बॉयलर बंद, खिडकी उघडी, तुम्ही बाहेर.
मग मला फोन.
झाकण यातल्या कुठल्याही पायरीवर नाही."
ते अलार्मकडे बघतात, माझ्याकडे नाही.
"जुना ठेवून जाशील?"

नियमानं तो भंगारात जातो.
ठेवून आले.

पुढच्या जानेवारीत सर्व्हिसला गेले
तर स्वयंपाकघराच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर,
लोणी-मुरंब्याच्या मध्ये तो:
घासलेला, नवीन बेअरिंग घातलेला.
टिचकी मारली त्यांनी. पाती फिरली,
इतकी निमूट की घड्याळच ऐकू आलं.

"कुठे बसवणार नाही ना?"
"छे. रिटायर झालाय."

आणि भिंतीवरचा सुरू झाला तेव्हा
उजवा कान त्याच्याकडे करून, बिस्किट हातातच,
पूर्ण फुंकर ऐकली.
"हा जरा वरच्या पट्टीत लागतो," म्हणाले.
"लिहून ठेव."

लिहिलं.