तिथीची पाऊणपट

सोमवारी पाऊण वाजता गेलं.
मंगळवारी दीडला.
बुधवारी सव्वादोनला, कुणा म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूचं बिल
अर्धं चढलं होतं तेव्हा.
गुरुवारी तीनला नुसती पापणी लवली.

बर्फाच्या लाद्यांचा हिशेब असतो त्या वहीत
मागच्या पानावर मी हे लिहीत गेले.

हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, तीस सेकंद बंद ठेवा मॅडम.
तीस सेकंद किती ते आता मला झोपेतही कळतं.
राउटर फ्रिजजवळून हलवला, देवांशेजारी ठेवला,
तिथून कपाटावर, दोन्ही कान उभे करून.
कुडीच्या दांडीनं पाठचं भोक दाबलं
तर सगळंच विसरला, माझं नावसुद्धा.
पुन्हा शिकवला.
अडॅप्टर बदलला. उंदरावर संशय घेतला.
शेजारच्या तन्मयवर घेतला, रात्रभर गेम खेळतो म्हणून.
त्याची आई अजून बोलत नाही.

पुण्याहून साहेब विचारत, गावाला लाइट गेली का?
लाइट असायची.
पंखा फिरायचा, भात शिजायचा,
तिसरा दिवा लाल होऊन बसायचा
आणि फक्त मी नसायचे.

मग आठवडाभर एकदाही नाही.
नव्या अडॅप्टरचे गुण मी गावखडीपर्यंत गायले.
पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, पाऊण वाजता,
पुन्हा.

शेवंतीमावशी कालवं द्यायला आली, कोयती कमरेला.
तिला अक्षर येत नाही, आकडे येतात.
वहीवर वाकली आणि म्हणाली,
भरती कधीपासून लिवायला लागलीस गो?

कसली भरती, नेट गेल्याच्या वेळा आहेत त्या.

ती बोटांची पेरं मोजायला लागली होती.
एकम, पाऊण. बीज, दीड. तीज, सव्वादोन.
तिथीची पाऊणपट.
चौथीपासून पाणी उतरतं, मग भांग,
तेव्हा न्हाय जायचा तुझा.

दुसऱ्या दिवशी दीडला आम्ही दोघी बांधावर गेलो.
खांबावरून उतरलेली काळी वायर मोरीत शिरलेली,
आत जाळ्याच्या निळ्या दोरीनं बांधलेला डबा,
डबा पाण्याखाली, दोरी तेवढी हलत होती.
सगळं गाव त्यातून पुण्याला बोलत होतं.

अॅपवर तक्रारीचं कारण निवडायचं असतं.
वीज नाही. राउटर खराब. वायर तुटली. इतर.
'इतर' दाबून मी लिहिलं: समुद्र.
चार मिनिटांत उत्तर आलं,
आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.

पावसहून अश्फाक होडेकर आला, ऐन ओहोटीला.
डबा कोरडा, मीटर खूश.
एक नंबर सिग्नल आहे, ताई.
म्हटलं, बसा तीन तास.
पहिल्यांदा हसला. मग मावशीनं भाजलेली कालवं पुढे केली
आणि बसला.
पाणी मोरीत शिरलं, एकेक चिरा भिजवत वर चढलं.
मीटरवरचा आकडा उतरायला लागला तशी
त्यानं बोलणं थांबवलं
आणि बूट काढले.

आता डबा मोरीवरच्या चिऱ्याला ठोकलाय,
उधाणाच्या रेघेच्या दोन हात वर.
रेघ मावशीनं दाखवली, मापाशिवाय.

परवा अवसेनंतरच्या एकमेला
रात्री आपोआप जाग आली.
बाहेर पाणी रस्त्याला लागलेलं,
कुणाची तरी होडी दोराला हिसके देत होती.
घरात तिसरा दिवा हिरवा.
वही काढून लिहिलं: पाऊण. आहे.

मग खाली दीड लिहिलं,
त्याच्या खाली सव्वादोन,
पुढची जागा मोकळी ठेवून.