कच्चं चाक

आठव्या पदरावर सुई अडली.
तालमीतल्या पोराचा लंगोट, पट्टीला जाड मांजरपाट,
आणि मशीनच्या पोटातून आवाज आला,
कुणीतरी फुटाणे दाढेखाली घेतल्यासारखा.
मग मोटर नुसतीच फिरत राहिली.
सुई जागची हलेना.

विलासमामानं बोटीवरून आणलेलं हे मशीन,
कोवळ्या कैरीच्या रंगाचं.
मी सहावीत होतो तेव्हा.
होतो. आमच्यात बायकाही होतोच म्हणतात,
पुण्याची जाऊ अजून हसते.
लग्नात माझ्याबरोबर आलं, भांड्यांच्या आधी उतरवलं.

दस्तगीरचाचा शिकलगारांनी लक्ष्मीपुरीतल्या दुकानात
त्याला फळीवर उताणं घातलं, खालचं झाकण काढलं.
ग्रीस वाळून काकवीच्या बुडासारखं काळं.
रॉकेलचा बोळा, जुना टूथब्रश,
मग चिमट्यानं एकेक दात वेचून
वर्तमानपत्रावर मांडला:
पिवळे, ठिसूळ, नखानं चुरा होणारे.
सात पडलेले, बाकीचे पडायच्या बेतात.
"प्लॅस्टिक हाय, वैनी. पन्नास वर्षं चाललं.
माझं तेवढंबी चाललं न्हाईत,"
म्हणून त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

घरी मी फारसं बोललो नव्हतो.
तरी चौथ्या दिवशी ह्यांनी डब्याच्या पिशवीतून
रुमालाची गाठ काढली.
जुनं चाक चाचांकडून परस्पर नेलेलं,
उद्यमनगरात जेवणाच्या सुट्टीत बसून
तस्संच पितळेचं कापलेलं.
एकतीस दात. एकालाही कूस नाही.
चाळीस वर्षांत ह्यांनी मला
इतकं चकचकीत काही दिलं नव्हतं,
मंगळसूत्र धरून.

चाचांनी ते उजेडात धरलं, अंगठा फिरवला.
"दिनकररावांचं काम एक नंबर. पण मी बसवणार न्हाई."
का?
"कापड जाड आलं, दोरा गुंतला,
तर जोर कुठंतरी जाणारच की.
ह्ये हटणार न्हाई. मग दांडा पिळणार,
न्हाईतर बॉडीला तडा. ती कोण आणणार, मामा?
करणाऱ्यानं ह्ये चाक मुद्दाम कच्चं ठेवलंय.
ह्ये मोडतंय म्हणून बाकीचं वाचतंय."

रात्री ह्यांना सांगितलं.
"ठाऊक हाय," भाकरी मोडत म्हणाले.
"आमच्या मशीनलाबी असती तसली पिन.
दोन रुपयाची. पहिली तीच जाती."
मग केलंत कशाला?
ह्यांनी आमटीत भाकरी कुस्करली, बराच वेळ.
"हाताला काम नव्हतं," म्हणाले.

नवं चाक एसटीच्या पार्सलनं आलं,
पांढरं, मेणासारखं, हातात धरलं तर वजनच नाही.
चाचांनी दांडा कोमट केला, चाक सरकवलं.
सुई खाली जाऊन जराशी वर आली
की हुकाचं टोक तिच्या कुशीला भिडायला हवं.
केसभर अलीकडं नको, पलीकडं नको.
पेच आवळताना त्यांनी श्वास धरला, मीही.
पेच. स्क्रूला तोच शब्द, लाल मातीतल्या डावाला तोच,
आणि माझ्या त्या आठ दिवसांनाही.
आधी हातानं फिरवलं, तीनदा.
मग म्हणाले, "आता पाय द्या."

लंगोट न्यायला पोरगं आलं, ओढून बघितलं.
"काकी, टिकंल न्हवं?"
टिकंल, म्हटलं. मी सहाच पदर घातलेत,
आणि जाड जागी पाय काढून घेतो आता,
चाक हातानं फिरवतो.
त्याला काय कळलं कोण जाणे, मान डोलवून गेलं.

पितळेचं चाक मी टेबलावर ठेवलंय,
कापायच्या कागदांवर, पंख्यानं उडू नयेत म्हणून.
मशीन चाललं की ते थरथरतं,
दातादातानं सरकत राहतं.
संध्याकाळपर्यंत कडेला येतं.
मी उचलतो, परत मधे ठेवतो.