सहावं नाव

कॅलेंडरच्या पाठीवर बेत मांडलाय :
आधी तिरुपती,
मग काटपाडीला रात्री गाडी बदलून निलगिरी,
दातेरी रुळांवरून चढणारी ती खेळण्यातली आगगाडी.
आबा म्हणाले, "एवढ्या लांब? पन्हाळा काय वाईट आहे?"

आईला खालचा बर्थ.
शिवतेजला खिडकी,
आणि खिडकीवरून भांडायला त्याची आई.
उद्यमनगरातनं सात दिवस सुट्टी;
लेथ काही माझ्यावाचून रडत नाही.

आई लसूण सोलत होती.
"तिकडनं आलेली माणसं अंबाबाईला येतात,
त्याबिगर यात्रा पुरी होत नाही त्यांची.
रुसून आली ना ती इकडं.
गाडीचं नावही तिचंच, हरिप्रिया."
"मग निरोप काय सांगू देवाला?" आबा हसले.
आई हसली नाही.
परातीतली सालं फुंकली तिनं,
"कुणीतरी उठून जायला लागतं," एवढंच.

कुकरची तिसरी शिट्टी झाली.

मालूआत्या मिरजेत असते.
पाऊण तासाचा रस्ता. नऊ वर्षं.
चार गुंठ्यांचा विषय.

सकाळी आठला बुकिंग उघडलं.
पाच नावं भरून मी थांबलो.
सहावं आबांनीच सांगितलं, चष्मा पुसत,
वयासकट :
"एकसष्ट. येत्या नागपंचमीला बासष्ट."

चार कन्फर्म. दोन आरएसी,
म्हणजे दोघांत मिळून एकच बाक, तिरुपतीपर्यंत.
ते दोघे कोण, हे ठरायच्या आत
आबा म्हणाले,
"बसू की सरकून."

अजून तिला फोन कुणी केलेला नाही.