दारूखाना, काट्याची वही

उधाणाच्या भरतीला ओढून आणलेलं जहाज
ओहोटीत चिखलावर कलंडून बसलंय.
नाव खरवडलेलं. देश खरवडलेला.
मी वजनाची वही सांभाळतो.

सिक्वेरा साहेब रोज चारला येतात
माझगावहून, चालत. एकतीस वर्षं चीफ इंजिनियर.
उघड्या पडलेल्या इंजिनावर काठी रोखून म्हणतात,
"नार्वेकर, हा झडपांचा ठोका, हे तेलाचे मार्ग
वाऱ्यानं लागले का रे असे?
मग माशाचा कल्ला, तुझा डोळा,
यांनाच तेवढा कारागीर नको?"

मी मान डोलावतो. चहा सांगतो.
रियासत गॉगल कपाळावर ढकलून हसतो.
गॅसकटर तो; जहाजं शेवटाकडून वाचतो.

काल त्यानं पोटातला पत्रा कापला.
आत एक भोक, बुजवलेलं.
बोटभर बाजूला दुसरं, तेही बुजवलेलं.
तिसऱ्यात बोल्ट.
शेजारी खडूचा बाण आणि कुठल्याशा लिपीत एक शब्द.
"गाली होगी," रियासत म्हणाला.
त्याच्यापुढे थिगळावर थिगळ, पाइपाला पाइप,
दहा बंदरांतले दहा हात, एकमेकांना न भेटलेले.
आणि याच्याही आधीची जहाजं,
जी तरंगलीच नाहीत
म्हणून माझ्या वहीत आली नाहीत.

"एकच कारागीर कुठला, साहेब?
इथं तर पिढ्यान्‌पिढ्या चुकणारी माणसं."
"चुकायला तरी कुणी हवाच ना," ते म्हणाले.

या वाक्याचं वजन मला करता आलं नाही.

पण तळाला चिकटलेली कालवं?
त्यांना कुणी बसवलं नव्हतं.
प्रत्येक गोदीत खरवडली, तरी आली,
एकमेकांच्या पाठीवर घर करत.
त्यांच्या शेजारी खडू नाही. शिवी नाही.

साहेब उठताना कंबर धरतात.
चार पायांवर आडवा चालायचा कणा
कुणीतरी, किंवा कुणीच नाही, उभा करून ठेवलाय;
तक्रारीचा पत्ता कुठेही कोरलेला नाही.
"गॅरंटी संपली," म्हणतात,
आणि छातीवर क्रूस काढतात, अर्धाच,
कारण दुसरा हात काठीवर आहे.

आजची नोंद: पितळ बावीस किलो, तांबं नऊ.
कालवं झाडून मगच वजन, असा शेठचा नियम.

एक मी खिशात टाकलं.
घरी टेबलावर राहिलं, रात्री वास सुटला.
बायकोनं नाकाला पदर लावून विचारलं,
"हे इथे कुणी ठेवलं?"

मी, म्हटलं.
तेवढं ठाऊक होतं.